काळ्यापांढऱ्या काट्याचा माल

दुकानातल्या बरणीत चारोळी दिसते खरी, मुलांनो, पण ती बरणीत उगवत नाही. खिरीवर आई जे बारीक गोल दाणे पेरते, ते येतात रानातून. दोन डोंगरांच्या बेचक्यात अशीच एक चारोळीची दाट राई होती आणि त्या राईच्या मुळाशी बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळेपांढरे काटे, चालू लागली की खुळखुळ आवाज आणि दात असे की वाळलेले हाडही कुरतडून टाकील. स्वभावाने मोठी चौकस. समोरची वस्तू पुढे कुठे जाते, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या रानाची एक जुनी रीत होती. उन्हाळ्यात चारोळीला फळे धरली तरी कुणी त्यांना तोंड लावायचे नाही. म्हातारी अस्वलीण राईत येई, एक फळ चाखे आणि नुसते "आता" म्हणे. मग सारे रान फळांवर तुटून पडे. गर खायचा आणि आतली टणक बी गोळा करायची. ही रीत कशासाठी, हे कुणी विचारत नसे. आजीचा मान आहे, एवढेच पोराबाळांना सांगितले जाई.

ती बी न्यायला दरसाल एक कोल्हा येई. पाठीवर मिठाचे पोते आणि जिभेवर साखर. रानात मीठ पिकत नाही आणि मिठावाचून जनावराचे भागत नाही. मापभर बी, मापभर मीठ, असा त्याचा भाव. गडी फार बोलका. एकदा अस्वलिणीकडून मधाचे पोळे नेताना त्याने तिच्या केसांची इतकी तारीफ केली, की ती मीठ मागून घ्यायचेच विसरली आणि वर त्याला ओढ्यापर्यंत पोचवायला गेली. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, म्हणतात ते उगीच नाही.

एके वर्षी कोल्ह्याने नवी टूम काढली. जो आधी बी आणील त्याला मापावर मूठभर मीठ जास्त. झाले, आजी यायच्या आतच माकडांनी हिरवी फळे ओरबाडली. माकडांनी नेली म्हणून रानडुकरांनी नेली, डुकरांनी नेली म्हणून हरणांनी. फळाची भूक कुणालाच नव्हती. शेजारी नेईल, याची धास्ती होती. आजी आली तेव्हा चाखायला झाडावर एक फळ उरले नव्हते. ती आल्या पावली परत गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून आलीच नाही.

मग कोल्ह्याने बी हातात घेऊन तोंड वाकडे केले. बी पोचट निघते, रानाचा कस गेला, आता दोन मापांना एक माप मीठ, असे त्याने जाहीर केले. रान हिरमुसले. तेव्हा तो मऊ आवाजात म्हणाला, "एवढी कटकट हवी कशाला? राई माझ्या हवाली करा. मी सांगेन तेव्हा तोडायचे, मी सांगेन तिथे टाकायचे. मीठ दारात येईल. बाकीची काळजी माझी."

पुष्कळांना ते पटले. आयते मिळत असेल तर कुणाला नको असते? पण राई कायमची द्यायची म्हणजे मोठी गोष्ट. विचार करून सांगतो, असे म्हणून रानाने थोडी सवड मागून घेतली.

त्या साली कोल्ह्याला ओझे वाहायला एक गडी कमी पडत होता. त्याने साळूला बोलावले. मजुरी काय, तर एक चाटणभर मीठ. साळू गेली, पण मजुरीसाठी नव्हे. आपली बी पुढे कुठे जाते, ते तिला पाहायचे होते.

नदीच्या उतारावर, जिथून पाणी पायी ओलांडता येते तिथे, तिने जे पाहिले ते पाहून ती थबकलीच. खडकाआड कोल्ह्याची पिल्ले दगडाने बी फोडत बसली होती. टरफले एकीकडे, दाणे दुसरीकडे. उताराच्या अलीकडे एक वयस्कर बैल मिठाची पोती घेऊन उभा होता. तो थेट समुद्राकडून येई आणि दाणे घेऊन परत जाई. त्याने एक दाणा चावून पाहिला आणि एका मापाच्या बदल्यात पोतेच्या पोते मीठ कोल्ह्यापुढे लोटले.

"कुणाचा माल?" बैलाने विचारले.

"माझा," कोल्हा म्हणाला.

साळूच्या अंगावरचे सगळे काटे एकदम उभे राहिले. कोल्हा पाणी प्यायला गेल्यावर ती बैलाजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "काका, हाच दाणा दुसऱ्या कुणी आणला तर घ्याल?"

"न घ्यायला काय झाले, बाई?" बैल म्हणाला. "कुणी फोडला याच्याशी मला काय करायचे आहे? भरलेला असावा, खवट नसावा, बस्स. यातही हल्ली निम्मे सुरकुतलेलेच असतात. पूर्वी या रानाचा दाणा काय होता." आणि तो जुन्या चवीची आठवण काढत रवंथ करू लागला.

साळू घरी आली ती पळतच. बिळात उरलीसुरली बी होती, ती तिने दातांनी भराभर फोडली. दाणे लखलखीत दिसावेत म्हणून ओढ्यात धुतले आणि तसेच ओले बिळात रचून ठेवले. बैल परत निघायच्या आत पाटी घेऊन ती उतारावर हजर. बैलाने एक दाणा चावला, तोंड फिरवून हळूच थुंकला आणि म्हणाला, "मन दुखवायचे नाही, बाई, पण हा दाणा कच्चाही आहे आणि कुबटही. हा मी कुणापुढे ठेवू?"

कोल्हा शेजारीच होता. "साळूबाई, ज्याचे काम त्यानेच करावे," तो गोड हसून म्हणाला. "तुम्ही आपली हाडे कुरतडा."

दुसरी कुणी असती तर बिळात जाऊन तोंड लपवून बसली असती. साळू सरळ अस्वलिणीच्या गुहेत गेली आणि तिने इतकी वर्षे रानात कुणी न विचारलेली गोष्ट विचारली. फळ चाखून आजी पाहते तरी काय?

आजीने तिला जवळ बसवून घेतले. मग म्हणाली, "मान कसला आलाय, पोरी? कच्च्या फळाने माझे दात आंबतात. आंबले की मी गप्प बसते. ज्या दिवशी आंबत नाहीत, त्या दिवशी आतला दाणा भरलेला असतो. मला हे आईने शिकवले. फोडायच्या आधी बी उन्हात खडखडीत वाळवायची, हेही तिनेच शिकवले. तुम्हाला मिठाची घाई. शिकवू कुणाला?"

साळूने रान गोळा केले आणि पाहिलेले सगळे सांगितले, स्वतःची फजितीसुद्धा. मग मागणे घातले, की पुढचा एक हंगाम मला द्या. आजी "आता" म्हणेपर्यंत कुणी फळ तोडायचे नाही. दाणे आपण काढू, आपणच विकू. नाही जमले तर राई खुशाल कोल्ह्याला द्या.

एक थोराड माकड फांदीवरून म्हणाले, "देऊ की, ताई. पण कोल्हा मिठाचे पोते उघडून समोर बसेल आणि आजीचे दात आंबतच राहतील. तोवर आम्ही काय तुझे काटे चाटायचे?"

सगळे हसले आणि हंगाम साळूला द्यायचे ठरले. पण माकड बोलले ते सोळा आणे खरे होते, मुलांनो. ज्याच्या घरात मीठ शिल्लक नाही, त्याला भाव ठरवता येत नाही. समोरचा देईल तो भाव त्याला घ्यावा लागतो. साळूने ते बोलणे मनात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरू लागली. हंगामाचे मीठ प्रत्येकाकडे होते. चाटताना त्यातली एक चिमूट मला द्या, म्हणायची. मिळेल ते पळसाच्या पानात बांधून सागाच्या ढोलीत ठेवायची. पोरे तिला चिडवत, "चिमूटबाई आली, मीठ लपवा." ती हसायची आणि चिमूट घेऊनच उठायची. पावसाळा गेला, हिवाळा गेला, चिमूटबाईचा फेरा काही चुकला नाही.

उन्हाळा आला. राई हिरव्या फळांनी लगडली. माकड म्हणाले होते तसा कोल्हा खरोखरच राईच्या तोंडाशी पोते उघडून बसला. या खेपेला त्याने दोन मापांची भाषा काढली नाही. ओंजळभर हिरव्या फळांना ओंजळभर मीठ, तेही आजच्या आज. घरातले मीठ एव्हाना सगळ्यांचेच सरले होते. आजी आता पुन्हा रोज येई, एक फळ चाखे, डोळे मिचकावी आणि मान हलवी. "आंबतात."

पाडस पोटाशी असलेली एक हरिणी होती. तिचे पाडस दगड चाटू लागले होते. एके सकाळी ती राईत गेली आणि तिने खालच्या फांदीकडे मान लांबवली. सारे रान श्वास रोखून बघत होते. तिने एक घोस तोडला, की माकडे धावणार, डुकरे धावणार आणि राई कोल्ह्याची होणार, हे सगळ्यांना कळत होते. कोल्ह्याने तर मिठात ओंजळ घालूनही ठेवली.

साळू तिला रागे भरली नाही. खुळखुळत ढोलीकडे गेली, पळसाचा एक पुडा घेऊन आली आणि पाडसापुढे सोडला. "तुझीच चिमूट आहे, बाई," ती हरिणीला म्हणाली. "परत घे."

हरिणीने मान खाली घेतली. मग साळूने सगळेच पुडे बाहेर काढले आणि ज्याचे त्याला वाटले. फार नव्हते, जिभेला लागेल एवढेच. पण आपल्याच चिमटीतले मीठ आपल्यालाच अडीअडचणीला पुरते, हे रानाने तेव्हा पहिल्यांदा चाखले. थोराड माकड आपला पुडा घेऊन कोल्ह्यासमोरच्या फांदीवर जाऊन बसले आणि अगदी सावकाश, चवीचवीने चाटू लागले. कोल्हा संध्याकाळपर्यंत पोते उघडे टाकून बसून राहिला. ओंजळभरही फळे त्याच्यापुढे आली नाहीत. राईभर हिरवे घोस लोंबत होते आणि त्यांच्याखाली अख्खे रान ताठ मानेने उभे होते.

फळे काळीभोर झाली तेव्हा एके दिवशी आजीने चाखले, पुन्हा एक चाखले आणि डोळे मिटून म्हणाली, "आता."

मग काय कामाची झुंबड उडाली. माकडांनी फांद्या हलवल्या. डुकरांनी डबकी खणली आणि त्यांत बी भिजवून, चोळून गर काढला. हरणांनी ती कातळावर पसरली आणि खुरांनी उलटीपालटी करत उन्हात खडखडीत वाळवली. साळूने आणि तिच्या गोतावळ्याने फोडली. पळता न येणारा एक म्हातारा ससा होता, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. तो दाणे निवडायला बसला आणि त्याच्याइतकी बारीक नजर रानात कुणाचीच नाही, असे निघाले. काम नाही असे एक घर राहिले नाही. पाट्या भरल्यावर साळूने आपल्या पाठीवरचा एक काटा उपटला आणि पहिल्या पाटीत उभा रोवला. मग दुसऱ्या पाटीत. आजी म्हणाली, "दुखत नाही का ग?" साळू म्हणाली, "दुखते. पण खूण नसली तर उद्या आपला माल म्हणून कुणी काहीही खपवील."

उतारावर बैलाने दाणा चावला आणि रवंथ करायचा थांबला. आणखी एक चावला. "हीच ती चव," तो म्हणाला. "कुणाचा माल, बाई?"

"आमच्या रानाचा," साळू म्हणाली, आणि मागे उभी असलेली माकडे, हरणे, डुकरे सगळी एकदम दोन बोटे उंच झाल्यासारखी वाटली.

मीठ इतके आले, की वाहून आणायला दोन फेऱ्या लागल्या. ते ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वाटले गेले. सगळ्यांच्या आधी मात्र ढोली भरली गेली, आणि चांगली बी पुरून राईच्या कडेला नवी रोपे धरली गेली. चिमूटबाई हे नाव पोरांनी सोडले नाही, फक्त आता ते म्हणताना कुणी हसत नसे.

पुढच्या हंगामाला कोल्हा आला तो रिकाम्या पाठीने. पोट खपाटीला गेले होते. माकडांनी त्याला हाकलायचे ठरवले होते. साळूने त्यांना अडवले. वाटा याच्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत, ओझे वाहील तर वाहू दे, आणि मजुरी चाटणभर नव्हे, इतरांना मिळते तेवढीच द्यायची, असे तिने सांगितले. कोल्ह्याने मुकाट्याने पाटी उचलली.

उतारावर बैलाने मुद्दामच विचारले, "कुणाचा माल रे?"

कोल्ह्याचे तोंड जुन्या सवयीने उघडले. मग पाठीवरच्या पाटीतला काळापांढरा काटा त्याच्या मानेला टोचला. "त्या रानाचा," तो म्हणाला, आणि पाटी सांडू न देता हळूच खाली ठेवली.

तात्पर्य : आपल्या रानात पिकते त्याची पारख आपण शिकावी, चिमूटभर शिल्लक टाकून पिकेपर्यंत धीर धरावा आणि मालावर खूणही आपलीच घालावी, म्हणजे आपल्या मालाला "माझा" म्हणायची दुसऱ्या कुणाची छाती होत नाही.