सारजेच्या सात पायऱ्या

कोंडसर गावाच्या वरच्या अंगाला काळा कडा आहे. त्याच्या पोटात बारमाही झरा आहे. झऱ्याच्या दिशेने खडकात सात पायऱ्या खोदलेल्या दिसतात. सुबक, टाच नीट टेकावी अशा. आठवी नाही. सातवीच्या वर छिन्नीचे चार घाव आहेत आणि पुढे उभा खडक. पाहुणे विचारतातच, काम अर्धवट का राहिलं? मग देवळातले रामजी गुरव पायरीवरचा पाचोळा हाताने सारतात आणि सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी इथे धावजी नावाचा पाथरवट राहायचा म्हणे. त्याच्या हातचं जातं आसपासच्या गावांत घरोघर असे. शब्दालाही वजन, म्हणून गावाने त्याला पंचांत बसवलेलं. बायको गिरजा आणि एकुलती लेक सारजा, एवढाच संसार.

पाणवठ्यावर उंबराखाली धावजीनेच एक दगडी कट्टा बांधला होता, बायकांना घागरी टेकवायला. पण त्यावर बसू लागली पाटलाच्या पुतण्याची टोळी. बाई पाण्याला वाकली की काहीबाही बोलायचं, वाट अडवायची, खडे मारायचे. बायका मुकाट्याने पाणी भरून निघून जात. एक दिवस सारजा चिंब भिजून, फुटकी घागर घेऊन घरी आली.

"आबा, त्यांनी दगड मारला. माझा पदर ओढला."

धावजी जात्याला टाकी लावत होता. त्याने हात थांबवला नाही. "पोरं आहेत गं. थट्टा करतात. मनावर घेऊ नये. उद्या आईबरोबर जा."

दुसऱ्या दिवशी मायलेकी गेल्या. आईच्या देखत असं काही ऐकावं लागलं, की गिरजा रिकामी घागर घेऊनच परतली. तेव्हा सारजा एकटी चावडीवर बसलेल्या पंचांपुढे जाऊन उभी राहिली. ती टोळी काय बोलते, ते तिने शब्द न शब्द सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही.

पाटील म्हणाला, "एवढं बोलतात म्हणजे पोर देखणी आहे की, धावजी!"

चावडी हसली. आणि धावजीही हसला. त्याला हसू आलं नव्हतं; सगळे हसले म्हणून त्याचेही ओठ फाकले. सारजाने बाकी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त बापाकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती पाणवठा सोडून कड्यावरच्या झऱ्याला जाऊ लागली. श्रावण होता, खडक शेवाळलेला. तीन दिवस ती भरली घागर घेऊन येत राहिली. धावजीला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. चौथ्या दिवशी दुपार झाली तरी ती आली नाही. धावजी शोधत निघाला. आधी त्याला करवंदीच्या जाळीत अडकलेली तिची घागरीखालची चुंबळ दिसली. मग खाली सारजा दिसली.

तेरावा झाला आणि धावजी छिन्नी-हातोडा घेऊन कड्याशी गेला. पुन्हा कुणाचा पाय घसरू नये म्हणून तो पायऱ्या खोदू लागला. बोटं फुटली तरी थांबेना. सात झाल्या. आठवीवर चार घाव पडले, तेव्हा खालून गिरजा आली.

"कुणासाठी चाललंय हे?"

"गावच्या पोरींसाठी."

"पोरींनी का यावं कड्यावर? पाणवठा काय आटलाय? तिला तुमच्या पायऱ्या नको होत्या हो. तिच्यासाठी तुम्ही चावडीत उठून उभं राहायला हवं होतं."

धावजीच्या हातातला हातोडा थांबला. तो तसाच उतरला, पाणवठ्यावर गेला आणि स्वतः बांधलेला कट्टा फोडू लागला. पुतण्याची टोळी उठून पळाली. आवाज ऐकून गाव जमलं, पाटील धावत आला. "वेड लागलं का रे तुला?"

"पोरीला पाणवठ्यावरून उठवलं तुमच्या पोरांनी," धावजी म्हणाला, "पण कड्यावर पाठवलं मी. ती सांगत होती आणि मी हसलो. बाप असून हसलो."

मग एकेक बाई पुढे झाली आणि आपल्याशी काय झालं ते सांगू लागली. कुणाचं चार वर्षांपूर्वीचं होतं, कुणाचं कालचं. ऊन उतरेपर्यंत त्या बोलत होत्या, आणि नवरे, भाऊ, बाप उभ्याउभ्या ऐकत होते. आपल्याच घरातल्या बायका हे सोसतायत, हे बहुतेकांना तेव्हा कळलं. पुतण्याला आणि त्याच्या सोबत्यांना गावाने पाणवठा कायमचा बंद केला. धावजी मात्र पुन्हा पंचांत बसला नाही. तो चावडीच्या दाराशी उभा राही आणि सभा सुरू होण्याआधी विचारी, "बायांनो, कुणाला काही सांगायचंय?" उत्तर आलं नाही तरी तो बराच वेळ तसाच थांबे. जिला येता आलं नाही, तिचीही तो वाट पाहत असावा, असं जुने लोक सांगतात.

आजही कोंडसरची सभा या प्रश्नावाचून सुरू होत नाही. सर्वांत वयस्कर पुरुष उठतो, विचारतो आणि थांबतो. कुणी बाई बोलायला उभी राहिली, तर त्या दिवशी रस्ता, वीज, जत्रा सगळं बाजूला राहतं. ती बोलते तेव्हा सभेत कुणी हसत नाही. लहान मुलं हसली, तर बाप त्यांना उचलून बाहेर नेतो.