शिंजीर, फुशिया आणि स्टुलावरचा बोका

पाचगणीला कुमुदकाकूंची पडवी. पडवीच्या कट्ट्यावर फुशियाची कुंडी. फुशियाची फुलं खाली लोंबतात, कानातल्या झुमक्यांसारखी.

काकूंनी कुंडी भर उन्हात ठेवली. तुळशीला ऊन आवडतं, मग हिलाही आवडणारच. फुशियाला कोणी विचारलं नाही.

टप्. टप्. टप्. सगळ्या कळ्या गळल्या.

भुर्र भुर्र. शिंजीर आला. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. फुलातला मध हेच त्याचं आवडतं जेवण. आज फूल नाही, मध नाही. एवढ्याशा पोटात कावळे ओरडायला लागले.

"फुशिया, फुशिया, मध दे."

"ऊन लागतंय. सावलीत टांगलं तर फुलेन."

भुर्र भुर्र. शिंजीर काकूंकडे गेला.

"काकू, काकू, कुंडी टांगा.
फुशिया फुलेना,
मध मिळेना."

"छताचा आकडा उंच आहे. स्टूल आलं तर टांगेन."

भुर्र भुर्र. शिंजीर स्टुलाकडे गेला.

"स्टुला, स्टुला, चल.
काकू टांगेनात,
फुशिया फुलेना,
मध मिळेना."

"पाठीवर बोका आहे. बोका उठला तर येईन."

भुर्र भुर्र. शिंजीर बोक्याकडे गेला. जरा लांबच बसला.

"बोकोबा, बोकोबा, उठा.
स्टूल हलेना,
काकू टांगेनात,
फुशिया फुलेना,
मध मिळेना."

बोक्याने एक डोळा उघडला. "थंडी आहे. ऊन मिळालं तर उठेन."

भुर्र भुर्र. शिंजीर उन्हाकडे गेला.

"उन्हा, उन्हा, बोक्याकडे जा.
बोका उठेना,
स्टूल हलेना,
काकू टांगेनात,
फुशिया फुलेना,
मध मिळेना."

"माझी जागा कट्ट्यावर. तिथे कुंडी बसलीय. कुंडी गेली तर बोक्याने यावं."

झाली पंचाईत. कुंडी हलली तर बोका उठणार. बोका उठला तर कुंडी हलणार.

शिंजिराने विचार केला. डोकं लहान, विचारही लहान. मग तो कुंडीच्या काठावर जाऊन बसला. अगदी बोक्यासमोर. त्याला भीती वाटत होती. खूप वाटत होती. तरी बसला.

बोक्याने दुसराही डोळा उघडला.

धप्प. बोक्याची उडी.

भुर्र. शिंजीर गेला.

बोका पडला कट्ट्यावर, कुंडीशेजारी. शेपटीला ऊन लागलं. बरं वाटलं. तो तिथेच पसरला.

बोका उठला,
स्टूल हललं,
काकूंनी कुंडी सावलीत टांगली.

फुशिया मात्र लगेच फुलली नाही. झाडं अशीच असतात. काकूंनी रोज थोडं पाणी घातलं. शिंजीर रोज बघून गेला. तोवर त्याने जाळ्यातले कोळी खाल्ले. त्याला ते आवडले नाहीत.

मग एका सकाळी एक झुमका उमलला.

फुशिया फुलली,
मध मिळाला.

शिंजीर उलटा लटकून मध प्यायला. खाली उन्हात बोका, एक डोळा उघडा. शिंजिराने एक थेंबही सोडला नाही.

मध संपला. गोष्टही संपली.