घाटमाथ्यावरची झोप

पूर्वी हेमकूट नगरात अरिंदम राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व तिथल्या एका गाडीवानाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव पूर्णक ठेवले. बाप थकला तेव्हा बापाच्या हातातला कासरा पूर्णकाने घेतला आणि तो हेमकूटाहून सागरपत्तन बंदरापर्यंत उतारूंची गाडी हाकू लागला. चार बैलांची, छपराची, वीस माणसे बसतील एवढी ती गाडी होती. वाट दीड दिवसाची, आणि शेवटी एक अवघड घाट उतरावा लागे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मध्ये थांबावे म्हटले तरी जागा नव्हती.

गाडी गोमित्र नावाच्या श्रेष्ठीच्या मालकीची होती. निघण्यापूर्वी पूर्णक गाडीखाली शिरून आस ठोकून पाही. चाके निसटू नयेत म्हणून आसाच्या टोकांना लोखंडी खिळी असत, त्या हलवून पाही. बैलांचे खूर उचलून बघे. म्हाताऱ्या माणसांना धरायला दांडा आहे ना, कोणाचे जड गाठोडे दुसऱ्याच्या डोक्यावर तर नाही ना, हे बघितल्याशिवाय तो जागचा हलत नसे. लोक त्याला चांगला गाडीवान म्हणत. तोही स्वतःला तसेच समजे.

एके वर्षी बंदरावर मोठी जत्रा भरली आणि नेमका गोमित्राचा दुसरा गाडीवान तापाने अंथरुणाला खिळला. गोमित्र म्हणाला, "पूर्णका, जत्रा संपेपर्यंत त्याच्याही फेऱ्या तूच कर. वाटेत प्रत्येक ठाण्यावर ताजे बैल ठेवतो." पूर्णकाने मान डोलावली. बैल ठाण्याठाण्यावर बदलत गेले. गाडीवान मात्र तोच राहिला.

अशा चौथ्या फेरीला गाडीत शिवघोष नावाचा व्यापारी होता. त्याचा माल बंदरात जहाजावर चढवायचा होता आणि जहाज गाडी पोहोचेल त्याच संध्याकाळच्या भरतीला सुटणार होते. त्याच्यासमोर वाटेतल्या शेवटच्या ठाण्यावर चढलेली सोमा नावाची एक वयस्क बाई बसली होती. तिची लेक बंदरात दिली होती, पहिलटकरीण होती, आणि कालपासून तिला कळा येत असल्याचा निरोप आला होता. बाकीचे जत्रेकरू.

दुसऱ्या दिवशी सकाळचा दुसरा प्रहर चालू होता. वाट सरळ होती, ऊन अजून फारसे तापले नव्हते, बैल आपल्या चालीने चालले होते. पुढे एक मोठा वड दिसत होता. पूर्णकाने त्या वडाकडे पाहिले. पुन्हा पाहिले तेव्हा वड समोर नव्हता. त्याने मान वळवली. वड मागे, बराच मागे राहिला होता. गाडी त्याच्या बुंध्याजवळून कशी आली, कासरा कोणी धरला होता, हे त्याला काही केल्या आठवेना. हात पाहिले. कासरा बोटांतून सुटून मांडीवर पडला होता.

गाडीत कोणाच्याच ते लक्षात आले नव्हते. मागे कोणी चणे खात होते, कोणी घरच्या गोष्टी सांगत होते.

पूर्णकाने कासरा उचलला आणि घाटमाथ्यापर्यंत बैलांच्या पुढे पायी चालत गाडी नेली. तिथे आंब्याची चार झाडे होती. त्याने बैल सोडले, त्यांना पाणी दाखवले आणि उतारूंना म्हणाला, "मघाशी वडाजवळ माझा डोळा लागला होता. या अवस्थेत मी तुम्हाला घाटातून खाली नेणार नाही. मला एक प्रहरभर झोपावे लागेल. तोवर तुम्ही सावलीत बसा."

शिवघोष खाली उतरला. "डोळा लागला हे कोणी पाहिले?"

"कोणी नाही."

"गाडी रस्ता सोडून गेली का? कोणाला खरचटले का?"

"नाही, श्रेष्ठी."

"मग झाले काय? घाट उतरायला किती वेळ लागतो? तोंडावर पाणी मार आणि चल. माझे जहाज जाईल."

"जाईल," पूर्णक म्हणाला. "ते मला ठाऊक आहे."

तेव्हा सोमा पुढे आली. ती रागावलेली नव्हती. "बाबा, माझी लेक अडली आहे," ती म्हणाली. "मला खरे सांग. आत्ता निघालो तर आपण पोहोचणार नाही का?"

खोटे सांगून तिला गप्प करणे सोपे होते. पूर्णक म्हणाला, "बहुतेक पोहोचू, आई. या जत्रेतल्या तिन्ही फेऱ्यांना मला अशीच झोप अनावर झाली होती. तिन्ही वेळा आम्ही पोहोचलो. पोहोचलो म्हणूनच मी आज चौथ्यांदा गाडीवर बसलो."

सोमाने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग ती बाजूला झाली.

शिवघोष म्हणाला, "बैल मलाही हाकता येतात. तू झोप, गाडी मी नेतो." आणि तो बैल जुंपायला निघाला. पूर्णक गाडीखाली वाकला, चाकांच्या दोन्ही खिळी काढल्या आणि कमरेच्या शेल्यात घट्ट बांधल्या. खिळींवाचून गाडी दहा पावलेही गेली नसती. शिवघोषाने बैल हाकायची पराणी उचलली आणि त्याच्या पाठीवर दोन तडाखे दिले. पूर्णकाने ते सोसले. तो झाडाखाली गेला, शेल्याची गाठ पोटाखाली घेऊन पालथा झोपला, आणि त्याला लगेच गाढ झोप लागली.

तो जागा झाला तेव्हा उन्हे कलली होती. सोमा त्याच्याजवळ बसून आंब्याच्या डहाळीने माश्या वारत होती. "कोणाला तुझ्याजवळ येऊ दिले नाही," ती म्हणाली. "आता चल."

त्याने तोंड धुतले, खिळी बसवल्या, बैल जुंपले आणि घाट उतरला. वळणावळणावर त्याला दरी स्वच्छ दिसत होती. बंदरात पोहोचेतो दिवेलागण झाली. जहाज गेले होते. सोमाची लेक दुपारीच सुटली होती, मुलगी झाली होती, आणि आईच्या नावाने हाका मारून मारून ती थकून झोपली होती.

शिवघोषाने राजाकडे फिर्याद नेली. अरिंदम राजाने सगळ्यांना बोलावले. गोमित्राला विचारले तेव्हा तो म्हणाला, "महाराज, माझी कसूर नाही. मी ठाण्याठाण्यावर बैल बदलून दिले होते."

"आणि गाडीवान?" राजाने विचारले.

"तो बदलला नाही, महाराज."

राजा पूर्णकाकडे वळला. "तू थांबला नसतास तर अपघात झाला असता, याला पुरावा काय?"

"पुरावा नाही, महाराज. असता तर तो दरीत सापडला असता."

"पण कोणी पाहिले नव्हते. मग तू सांगितलेस कशाला?"

"गाडीतले लोक रस्त्याकडे बघत नाहीत, महाराज. त्यांच्या वतीने मी बघेन, या भरवशावर ते चणे खातात आणि गप्पा मारतात. मी बघत नव्हतो, हे त्यांना मीच सांगायला हवे होते. ते तीन फेऱ्या आधी सांगायला हवे होते. त्याबद्दल शिक्षा व्हावी."

राजाने सोमाला विचारले, "बाई, तुझेही नुकसान झाले. तुझे काय म्हणणे आहे?"

सोमा म्हणाली, "लेकीने हाका मारल्या तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. ते मला जन्मभर सलेल. पण दुसऱ्या दिवशी तिला न्हाऊ मीच घातले, महाराज."

 मग राजाने निर्णय दिला. शिवघोषाचा माल पुढच्या जहाजाने गोमित्राने स्वखर्चाने पाठवावा. यापुढे राज्यात जिथे बैल बदलतील तिथे गाडीवानही बदलावा. पूर्णकाने तीन फेऱ्यांतली झोप लपवली म्हणून एक महिना गाडीला हात लावू नये. तो महिना त्याने घाटमाथ्यावर बसावे आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला, तू शेवटचा कधी झोपलास, असे विचारावे. पूर्णक तो महिना तिथे बसला. ज्यांचे उत्तर अडखळले त्यांना त्याने आपली घोंगडी अंथरून दिली.

जेतवनात ही हकिकत सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, पूर्वीचे आणि आताचे नाते जुळवून दाखवले. त्या जन्मीचा शिवघोष म्हणजे आज भिक्षेला जाताना वृद्ध भिक्खूंना घाई करणारा भिक्खू वरुण. गोमित्र म्हणजे त्याचा सोबती भिक्खू कपिल. सोमा ही उपासिका चित्रा. अरिंदम राजा आनंद होता. "आणि गाडीवान पूर्णक," शास्ते म्हणाले, "तो मी होतो. तीन वेळा चुकल्यावर चौथ्या वेळी मी जे शिकलो, त्याला अप्रमाद, म्हणजे अखंड सावधपणा, म्हणतात."

भिक्खू वरुणाने मान खाली घातली. त्या दिवशी भिक्षेला निघताना तो सर्वांत वृद्ध भिक्खूच्या मागून, त्याच्याच चालीने चालला.