जांभीची माती

त्या मुलखात डोंगर एकच होता आणि राज्यं दोन. डोंगराच्या माथ्यावर एक झरी राहत असे. सरहद्द तिच्या डोक्यावरून गेली होती, पण पाणी उताराचंच ऐकतं, त्याला ती बिचारी काय करणार? तिला दोन लेकी झाल्या. एक या राज्याकडं उतरली, दुसरी त्या राज्याकडं.

निघताना झरीनं दोघींच्या ओटीत डोंगराची लाल माती घातली. "नावं काय, वाटेतली गावं ठेवतील," ती म्हणाली. "थोरल्या नदीच्या पात्रात, सरहद्दीच्या पार खाली, तुमची गाठ पडेल. तेव्हा माती बघून एकमेकींना ओळखा. एवढी ओटी तेवढी सांडू नका."

या बाजूच्या लेकीला गावांनी जांभी म्हटलं. जांभी मोठी बोलघेवडी. वाटेत भेटेल त्या ओहोळाला ती बहिणीचं सांगायची, आणि बहीण तर तिनं जन्मल्यापासून पाहिली नव्हती. पुढं थोरल्या नदीनं तिला पोटाशी घेतलं. "ये पोरी, माझ्यात सगळ्यांना जागा आहे," ती म्हणाली. "पण पुढं नाक्यावर माझं काही चालत नाही हो."

नाका म्हणजे नदीवर आडवा घातलेला दगडी बांध, मधे पाणी सोडायचा एक दरवाजा. नाकेदार म्हणजे पाण्यात रोवलेला एक खांब, अंगभर मोजमापाच्या रेघा ओढलेला. बोलायला मात्र फार गोड.

"पाणी जाईल, माती जाणार नाही," तो म्हणाला. "माती म्हणजे राज्य. ते असं पलीकडं वाहू दिलं तर राजाच्या हातात उरेल काय?"

"मग काढून घेणार का तुम्ही?"

"छे, छे. आम्ही कुणाचं काही काढून घेत नाही, बाई. आम्ही फक्त थांबायला सांगतो."

यातली मेख जांभीला मागाहून कळली. थांबलेल्या पाण्याच्या हातून माती आपोआप सुटते. पहिल्या दिवशी भरड रेती गेली, मग बारीक. शेजारी थांबलेली दुधी नदी, चुनखडीच्या टेकड्यांतून आलेली, पंधरा दिवसांत निवळली आणि "सुंठीवाचून खोकला गेला" म्हणत दरवाजातून हसत निघूनही गेली. जांभी हट्टाला पेटली. बांधाच्या कडेनं ती गरागरा फिरत राहिली, घाण्याच्या बैलासारखी, कारण फिरत्या पाण्यातच माती तरंगते. फिरून फिरून तिचा जीव मेटाकुटीला आला.

कोपऱ्यात काळुंद्री पडून होती. काळ्या रानातून आलेली ही म्हातारी नदी किती वर्षांपूर्वी थांबली, ते तिलाच आठवत नव्हतं.

"मी नाही सोडली," ती जांभीला म्हणाली. "मूठभरसुद्धा नाही. तिला धरून बसले ती चिखल झाले; माती राहिली, पण चालणं गेलं. आता माझ्यात लव्हाळी उगवते आणि म्हशी बसतात. तू कुणाकडं निघालीस गं?"

"बहिणीकडं."

"मग इथं राहू नकोस," काळुंद्री म्हणाली, आणि तिच्या तोंडून बुडबुडा आला.

नाकेदारालाही जांभीची कणव आली असावी. "उगाच त्रास करून घेताय," तो समजावू लागला. "सगळीकडं हीच रीत आहे. आमचं बघून पलीकडच्या राज्यानंही आपल्या ओढ्यांवर असेच बांध घातलेत." हे बोलणं जांभीच्या कानावर पडलं, पण तिचं सगळं लक्ष दरवाजाकडं लागलेलं.

ती विचार करत होती. माती राखली तर बहीण भेटत नाही, आणि माती तरी राखायची कुणासाठी? मग तिला वाटलं, आपली गेली तर गेली, तिची आहे की. ती लाल येईल, आपण ओळखू, आपणच हाक मारू. दोघींपैकी एकीकडं असली तरी पुरे.

जांभी थांबली. ओटी सुटली. शेवटची चिमूट तळाशी जाताना ती खूप रडली, पण पाण्याचं रडणं पाण्यात कुणाला दिसणार?

दरवाजातून ती बाहेर पडली ती आरशासारखी. पलीकडच्या घाटावर बायका घागरी भरत होत्या. "काय नितळ पाणी आहे," त्या म्हणाल्या. जांभीला भर बाजारातून उघड्या अंगानं चालल्यासारखं झालं. तरी तिनं धीर सोडला नाही. कुठल्याशा कासवाला विचारून तिनं संगमाचा पत्ता घेतला आणि पात्राची डावी कड धरली.

संगम आला. डावीकडून एक ओढा येत होता, अगदी नितळ, तळाचा गोटा न् गोटा दिसावा असा. ही कुणी वाटेतली दुसरी असेल, असं जांभीला वाटलं. त्या पाण्याच्या आडून ती मागं, ओढ्याच्या वाटेकडं, पाहू लागली. नीट दिसेना.

"बाई, जरा कडेला होता का? मागून माझं माणूस यायचंय."

"होते की," ती नितळ बाई अदबीनं म्हणाली. "पण तुम्हीही थोडं सरा. माझंही यायचंय."

दोघी एकमेकींना वाट देत, एकमेकींच्या खांद्यावरून मागं बघत, एकाच धारेनं खाली चालल्या. दोघींच्या मागून येणारं पाणीही नितळच होतं.