बिबट्याचं घर

एका गावात एक भोळा कोतवाल होता. नाव हैबती. सांगितलेलं काम तो लगेच करायचा. गावाला ताप होता तो हाच.

गावात बिबट्या शिरला. सरपंच सर्जेरावांच्या परसात त्याने तीन शेळ्या खाल्ल्या. शाळेची वाट उसातून जायची, त्यामुळे पोरांना शाळेत पाठवायला कुणी धजेना. पिंजरा मिळाला एकच, तोही आठ दिवसांसाठी. तो कुठे लावायचा हे ठरवायला संख्याशास्त्र शिकलेली ऋजुता आली. तिने लॅपटॉपवर चार ओळी लिहिल्या आणि गावाच्या नकाशावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं उमटली.

"षटकोन कशाला? चौकोनाने काय घोडं मारलंय?" सरपंच म्हणाले.

"चौकोनात कोपऱ्यावरचा शेजारी लांब पडतो. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर."

"शेजारी लांबच बरा, पोरी."

ऋजुताने दात आवळले. मोठा छापील नकाशा हैबतीच्या हातात दिला. "काका, लोकांना विचारा. ज्या घरात बिबट्या दिसला, त्या घरावर लाल फुली मारा."

हैबती रंगाचा डबा घेऊन दारोदार फिरला. "वैनी, घरात बिबट्या दिसला का?"

"दिसतो की! तो काय, खाटेवर घोरतोय."

हैबतीने दारावर फुली मारली. संध्याकाळपर्यंत अकरा दारं लाल झाली.

"अहो काका, घर म्हणजे घर नव्हे!" ऋजुता ओरडली. "घर म्हणजे नकाशावरचा षटकोन!"

"बरं ताई. घर म्हणजे घर नव्हे."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच गावभर विचारून नोंदी गोळा केल्या. दुपारी म्हणाली, "काका, घरी जाऊन जेवून या."

हैबतीने चावडीत नकाशा अंथरला. एका षटकोनात मांडी घालून बसला, शेजारच्या षटकोनात भाकरी ठेवली, त्याच्या शेजारी ठेचा. ठेच्याचं तेल नकाशावरच्या ओढ्यापर्यंत पसरलं.

"काका! जेवायचं घर वेगळं! जिथे जेवतात, ते खरं घर!"

"असं होय! मग आधीच सांगायचं."

नोंदी लॅपटॉपवर होत्या, म्हणून वाचल्या. सर्वांत जास्त ओढ्याकाठच्या उसात निघाल्या. ऋजुताला तालुक्याची गाडी गाठायची होती. ती घाईघाईने म्हणाली, "काका, बिबट्याच्या घराच्या मधोमध पिंजरा लावा. आत शेळी बांधा. दार पडलं की उघडून बघू नका, बिथरतो. ताडपत्री टाका, ट्रॅक्टरवर चढवा आणि तीस षटकोन लांब जंगलात सोडून या."

हैबतीने विचार केला. बिबट्या जेवतो कुठे? सरपंचांकडे. मग त्याचं खरं घर तेच. सरपंच बाजाराला गेले होते. हैबतीने त्यांच्या सोप्यात मधोमध पिंजरा मांडला, त्यांचीच शेळी आत बांधली आणि ताडपत्री घेऊन परसात जाऊन बसला.

थोड्या वेळाने धाडकन दार पडलं.

तिसऱ्या दिवशी ऋजुता परतली. "काका, सापडला का?"

"सापडला, ताई. ताडपत्री टाकली, उघडून बघितलं नाही. तीस षटकोन मोजले आणि दोरीने दार ओढून सोडला. शेळीला धक्का लागला नाही."

"शाब्बास! त्रास नाही ना दिला? फार गुरगुरला असेल."

"गुरगुरला कुठला! वाटभर शिव्या देत होता. तीन शेळ्या तिथल्या खाल्ल्या ना, अगदी सरपंचांसारखा बोलायला लागला होता."