हाकेचा दगड

एका राज्यात भरती आली, बंदरातली सगळी गलबतं नांगराभोवती वळली, आणि एक वळलं नाही.

एवढंच झालं होतं. पण हाकाऱ्याची लेक चंद्रावळ तेव्हा धक्क्यावर उभी होती. तिने ते पाहिलं आणि ती दचकली. चंद्रावळ तशी कशालाही दचके. शीड फडफडलं तरी दचके, मासा उसळला तरी दचके, मागून कोणी नाव घेतलं तर हातातलं भांडंच खाली पडे. म्हणून त्या दिवशीही तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

न वळलेल्या गलबताचं नाव मोरपंखी. पैलतीरच्या राज्याशी युद्ध जुंपलेलं होतं, आणि राजा सिंधुकेतूच्या आरमाराने शत्रूच्या व्यापाऱ्यांचं हे गलबत भर समुद्रात धरून आणलं होतं. पोटात तांदूळ आणि गूळ होता. ओहोटी लागली तशी बाकीची गलबतं पुन्हा फिरली. मोरपंखीचं तोंड पैलतीराकडेच राहिलं.

त्या राज्याचा जुना कायदा असा होता, की धरलेलं गलबत धरणाऱ्याचं होत नाही. ते बंदरात आणावं, मालाची दारं मोहोरबंद करावी. मग हाकाऱ्याने धक्क्याच्या टोकावरच्या दगडावर उभं राहून तीनदा विचारावं, "हे गलबत कोणाचं?" त्या दगडावरून दिलेली हाक पाण्यावरून चालत जाई, जिथवर पाणी तिथवर जाई. कोणी "माझं" म्हणालं, तर राजाने त्याचं म्हणणं ऐकावं, आणि माल युद्धाचा नसेल तर परत करावा. तिन्ही हाकांना उत्तर आलं नाही, तरच गलबत राजाचं. मग माल बाजारात, लाकूड आरमारात, आणि खलाशी आपापल्या घरी.

पण युद्ध लांबलं, गलबतं रांगेने येऊ लागली, आणि आधी दारं फोडायची, हाक मागाहून द्यायची, अशी सवय पडली. उत्तर तरी कुठे येत होतं? राजाच्या आजोबांच्या काळापासून एकदाही आलं नव्हतं.

मोरपंखीचीही दारं फोडली आणि गूळभात नगरभर वाटला. पहिला मान हाकाऱ्याचा. चंद्रावळच्या बाबांनी दोन घास खाल्ले, लेकीला हाक मारायला "चं" म्हणून तोंड उघडलं, आणि पुढे आवाजच नाही. मागोमाग कोळणी मुक्या झाल्या, पुजारी मुके झाले, लहान मुलं नुसतीच तोंड वासून रडू लागली. राजाचा आवाज केसाएवढा उरला. चंद्रावळ तेवढी वाचली. जे गलबत वळत नाही त्यातलं अन्न तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

आणि वाचला मांत्रिक गजकर्ण. तो वाऱ्याला गाठ मारून शत्रूची गलबतं अडवी, आणि वाराच खाऊन राही.

"महाराज, गलबत शापित आहे," गजकर्ण म्हणाला. "आजच्या सायंकाळच्या भरतीला जाळून टाकू."

राजाने होकारार्थी मान डोलावली.

चंद्रावळने हे ऐकलं आणि ती धावत धक्क्यावर आली. मोरपंखीच्या दोरखंडावर एक कुरव पक्षी बसला होता.

"रडतेस की दचकतेस?" कुरव म्हणाला.

"दोन्ही. माझ्या बाबांचा आवाज गेला."

"गेला नाही. अडकला आहे. गलबत जळलं की मात्र कायमचा जाईल. तीन कामं करशील?"

"जमतील का मला?"

"तेवढं मी सांगत नाही. कामं सांगतो. उपसलं ते परत ठेव. विचारलं नाही त्यांना विचार. आणि हाक जिथे जायला हवी तिथे पाठव."

एवढं बोलून कुरव उडाला, आणि चंद्रावळ अर्थातच दचकली.

पहिलं काम तिला वाटलं त्याहून सोपं गेलं. टोपली घेऊन ती दारोदार फिरली, उरलेला तांदूळ आणि गूळ मागितला. वाद घालायला कोणापाशी आवाजच नव्हता. लोकांनी मडकी रिकामी केली, राजाच्या मुदपाकखान्यानेही केली. मोरपंखीच्या पोटात माल परतला, दारांवर पुन्हा मोहोर लागली, आणि गलबत किंचित हललं.

दुसऱ्या कामासाठी ती गलबतावर चढली. गलबत हाकणारा म्हातारा तांडेल साखळीने डोलकाठीला बांधलेला होता. त्याने एक डोळा उघडला.

"काय गं पोरी, जाळायला आलीस की गिळायला?"

"विचारायला आले, तांडेलकाका. हे गलबत कोणाचं?"

तांडेलाने दुसराही डोळा उघडला.

"लढवय्ये आले, मांत्रिक आला, गूळ चाखून बघणारेही आले. हे कोणी विचारलं नव्हतं बघ. गलबत लाडाईचं, आमच्या म्हाताऱ्या मालकिणीचं. तिने आयुष्यात कधी साधी सुरीसुद्धा वाहून नेली नाही, तांदूळ आणि गूळच नेला. गलबत परतलं नाही, की आमच्याकडे मालक किनाऱ्यावर कान देऊन बसतो. इथून हाक येते असं जुनी माणसं सांगायची. आली मात्र कधी नाही."

"पण आम्ही तर दर गलबताला देतो!"

"देत असाल. आमच्यापर्यंत येत नाही."

सायंकाळी भरती चढू लागली. बंदराला लागूनच राजवाडा होता. सज्जात राजा येऊन बसला, धक्क्यावर सगळं मुकं नगर जमलं, बाबा सर्वांत पुढे. गजकर्णाच्या हातात पेटती मशाल होती.

"तीन हाका," तो म्हणाला. "चौथीपर्यंत मी थांबायचा नाही."

चंद्रावळ दगडावर चढली. बाबा उभे राहत तशीच राहिली, राजवाड्याकडे तोंड करून, हात जोडून.

"हे गलबत कोणाचं?"

हाक राजवाड्याच्या भिंतीवर आपटली आणि तिच्याच पायाशी येऊन पडली.

"एक झाली," गजकर्ण हसला. "चिमणी चिवचिवली म्हणायची."

शरमेने चंद्रावळने मान खाली घातली, आणि तिला दगड दिसला. पिढ्यानपिढ्या हाकारी उभे राहिल्याने त्यात पावलं उमटली होती. पण तिच्या टाचा जिथे टेकल्या होत्या, तिथे दगडात बोटं होती. दगडातली पावलं समुद्राकडे तोंड करून उभी होती.

मग तिला सगळं उमगलं. हा राजवाडा इथे बांधला तो राजाच्या आजोबांनी. राजाला पाठ दाखवू नये, म्हणून त्या दिवसापासून हाकारी उलटा उभा राहू लागला. तेव्हापासून समुद्राला कोणी काही विचारलंच नव्हतं.

चंद्रावळ वळली.

"राजाला पाठ!" गजकर्ण कडाडला. "शिर जाईल तुझं!"

चंद्रावळ दचकली. पण ती पुन्हा फिरली नाही. समुद्राकडे बघतच म्हणाली, "महाराज, शिर घ्यायचं तर घ्या. पण हा प्रश्न तुम्हाला नाहीये. तुमच्याकडे बघून विचारला तर दुसरा कोण बोलणार?"

मग सज्जातून केसाएवढा आवाज आला. सगळं नगर मुकं होतं, म्हणून तेवढाही ऐकू आला.

"विचार."

"हे गलबत कोणाचं?"

हाक पाण्यावर उतरली आणि चालू लागली. लाटांवर तिची पावलं उमटत गेली, दूर, आणखी दूर, मग दिसेनाशी झाली. उत्तर आलं नाही. गजकर्णाने मशाल पुढे केली.

चंद्रावळने छाती भरून श्वास घेतला. या वेळी तिने हात जोडले नाहीत. तळहात तोंडाशी धरले, शेजारच्या होडीला हाक घालावी तसे.

"लाडाई! हे गलबत कोणाचं?"

सूर्य पाण्याला टेकला. मोरपंखीचा दोरखंड करकरला, आणि गलबताचं तोंड सावकाश भरतीबरोबर वळू लागलं. पलीकडून, थकलेल्या पण अगदी स्वच्छ आवाजात, एक म्हातारी म्हणाली,

"माझं गं, बाळ. माझं आहे."

गजकर्णाच्या गाठी एकामागून एक सुटल्या, वारा सुटला, मशाल विझली. आणि चंद्रावळच्या मागून, अगदी जवळून, कोणीतरी तिचं नाव घेतलं.

"चंद्रे!"

ती दचकली नाही.