बाबांच्या गाडीला टेकू

“मग हे मोकळे नाहीत तर काय आहेत, बाबा?”

असं म्हणून जालिंदर खरमाटेनं दोन्ही तळवे मोटारबाबांच्या नाकासमोर धरले.

तळव्यांत काही म्हणजे काही नव्हतं. नारळ नाही, शाल नाही, पेढ्यांचा पुडा नाही. मागच्या साली बाबा म्हणाले होते, अनुग्रह हवा ना, मग मोकळ्या हातानं ये. जालिंदरनं ते इतकं मनावर घेतलं होतं, की मनगटावरचं घड्याळसुद्धा घरी काढून ठेवलं होतं.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. तळवे निरखून पाहिले, उलटे करून पाहिले.

“नाहीत रे मोकळे,” ते म्हणाले. “होतील तेव्हा मागावा लागणार नाही तुला.”

जालिंदरचा चेहरा पडला. दरसाल हेच. गावातल्या कुणाकुणाला बाबांनी जवळ घेऊन, कानाशी लागून अनुग्रह दिला होता. शेळ्या राखणाऱ्या गंगूबाईला तर शेळ्यांच्या घोळक्यातच दिला होता. आणि ज्याच्या जिवावर बाबांचा भंडारा होतो, तो जालिंदर आपला अजून रांगेतच!

मोटारबाबांना मठ नव्हता, गादी नव्हती. गाडी होती. कुणा सिनेमावाल्या भक्तानं आपलं जुनं मोटारहोम त्यांच्या हवाली केलं होतं. आत शेगडी, मोरी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या फायबरच्या टपात बाबांची झोपायची जागा. बाबा स्वतःच ती चालवत गावोगाव जायचे. लोक तिला घरगाडी म्हणत.

आणि आज त्याच घरगाडीचं कपाळ फुटलं होतं.

फोडलं होतं जालिंदरनं. म्हणजे त्याच्या कमानीनं.

जालिंदरचा कुसळेवाडीत फायबरचा कारखाना. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, मंगल कार्यालयापुढचे सिंह, सगळं तो करी. हात सोन्यासारखा होता त्याचा, यात वादच नाही. यंदा त्यानं वेशीवर बाबांसाठी फायबरची स्वागत कमान उभी केली होती. वर बाबांचं नाव, खाली त्याचं. खालचं नाव जरा मोठं झालं. मोठं झालं म्हणून त्याची पाटी मोठी झाली, आणि पाटी मोठी झाली म्हणून कमान तेवढी खाली आली.

सकाळी हा मोटारसायकलवर पुढं, हात हलवत, “येऊ द्या बाबा, येऊ द्या! भरपूर जागा आहे!”

कडाड!

खरमाटे हे नाव गाडीच्या कपाळात बरोबर बसलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा जालिंदरच्या मनात पहिला विचार आला तो असा, की वा, आपल्या कमानीला साधा ओरखडा नाही! दुसरा विचार आल्यावर मात्र तो घाबराघुबरा होऊन धावला. बाबा खाली उतरून हसत उभे होते.

तर आता गाडी चिंचेखाली उभी होती. संध्याकाळी बाबा पुढच्या गावाला निघणार होते. टपाला भलंमोठं भगदाड, आणि आभाळ भरून आलेलं.

मंडपात भंडाऱ्याची गडबड चालली होती. जालिंदरनं मधेच निसटून एक तोड काढली होती. भगदाडावर त्यानं फ्लेक्स ताणून चिकटवला. फ्लेक्सवर त्याचाच फोटो होता, हात जोडलेला.

बाबा त्या फोटोकडे बघत राहिले…

“चांगला आलाय,” ते म्हणाले. “पाऊस लागला की तुझ्या तोंडातूनच पाणी गळेल माझ्या अंथरुणावर.”

जालिंदर ओशाळला. फ्लेक्स त्यानं ओरबाडून काढला.

“तासाभरात करतो बाबा! पक्कं करतो. पण मग मंडपात…”

“मंडपात काय?”

“मंडपात मी नको का? सूत्रसंचालन माझं, आभार माझे, आचाऱ्याला शिधा मीच काढून देणार. आनंदाच्या अंगावर टाकून कसं चालेल?”

आनंदा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. भला माणूस. पण जालिंदरच्या मते त्याला पाणी तापवायला सांगितलं तर तो पातेलं जाळून ठेवील.

“बाबा, तुम्हाला सांगतो, मी हात काढून घेतला ना, तर या गावात साधी पंगत उठायची नाही. सगळं धाडकन खाली येईल.”

हे तो वर्षभर कुणाला ना कुणाला ऐकवायचा. आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. राबायचा बिचारा.

बाबांनी शिडी उचलून गाडीला लावली.

जालिंदर कारखान्यातून सामान घेऊन आला. शिडीवर चढला आणि त्यानं ग्राइंडर सुरू केला. भगदाडाच्या कडा खरवडून खरवडून त्यानं ते चांगलं टोपलीएवढं केलं.

“अरे, अरे!” बाबा खालून ओरडले. “बुजवायला चढलास की वाढवायला?”

जालिंदरला स्फुरण चढलं. बाबांना शिकवायची वेळ कधी येते?

“फुटलेलं सगळं काढावं लागतं, बाबा. तडकलेल्यावर नवा थर देऊन उपयोग नाही. ते धरतच नाही.”

“असं होय!”

“तर! मग ही काचेची मॅट. हे रेझिन. त्यात घट्ट व्हायला हा हार्डनर, नुसता थेंब थेंब. घाई करून जास्त ओतला तर उकळून तडे जातात.”

“आणि धरलं हे कळतं कसं?” बाबांनी अगदी शाळेतल्या पोरासारखं विचारलं.

“तापतं. हात ठेववणार नाही इतकं तापतं. मग हळूहळू गार पडतं. गार पडलं की समजायचं, धरलं. मग बिनघोर सोडायचं.”

“गार पडलं की सोडायचं,” बाबांनी घोकलं.

ब्रशनं थरावर थर बसत गेले. काम देखणं होत होतं. शेवटचा थर दिला आणि जालिंदर मान तिरकी करून बघतो, तर ओल्या मॅटच्या वजनानं मधला भाग हळूहळू आत बसायला लागला.

“टेकू!” तो ओरडला. “आतून टेकू द्यायला पाहिजे! बांबू आण रे कुणीतरी!”

कोण आणणार? माणसं सगळी मंडपात. आणि गावातले होते नव्हते तेवढे बांबू जालिंदरनंच मंडपाला लावलेले.

“हात आहेत की,” बाबा म्हणाले.

विचार करायला वेळच नव्हता. जालिंदर गाडीत शिरला, बाबांच्या अंथरुणावर उताणा पडला, आणि प्लास्टिकचा कागद मधे धरून दोन्ही तळव्यांनी त्यानं तो भाग वर रेटला.

“थोडा डावीकडं… हां! बरोबर आलं,” बाहेरून बाबांचा आवाज आला. “धर आता.”

तेवढ्यात मंडपातला स्पीकर खरखरला.

“मला बोलावतायत,” बाबा म्हणाले. “येतो मी.”

“बाबा! ओ बाबा! आणि मी?”

“तू धर.”

चपलांचा आवाज लांब गेला…

नाकापासून वितीवर टप, आणि त्याला लावलेले दोन हात. जालिंदरच्या खिशातला फोन थरथरायला लागला. थांबला. पुन्हा थरथरला. उचलणार कशानं?

“आनंद्याच असणार,” तो दात खाऊन पुटपुटला. “तेल कुठं आहे विचारत असेल. झालं! बसले सगळे उपाशी!”

स्पीकरमधून आनंदाचा आवाज आला. सुरुवातीलाच त्यानं सरपंचांना माजी सरपंच म्हटलं.

जालिंदरनं डोळे गच्च मिटले.

मंडपात हशा पिकला. आनंदाही हसला. “माजी नाही, आजी! म्हणजे आजी नव्हे, चालू सरपंच!” मग तर लोक पोट धरून हसले असावेत, कारण सरपंचांचं खोकत खोकत हसणं थेट गाडीपर्यंत ऐकू आलं.

“अरे, जालिंदरशेठ कुठायत?” कुणीतरी विचारलं.

“दादा बाबांच्या गाडीला टेकू लावायला गेलाय!” आनंदा म्हणाला. “म्हणजे टेकू तोच आहे!”

पुन्हा हशा.

तळव्यांना धग लागायला लागली. वाढत वाढत चटका बसायला लागला. जालिंदरनं तो सोसला. आणि मग त्याला हातांचं भानच राहिलं नाही, कारण त्याचे दोन्ही कान मंडपात जाऊन बसले होते.

आता बिघडेल, मग बिघडेल, म्हणून तो वाट बघत होता. भजन सुरू झालं. टाळ चुकले नाहीत. भजन संपलं. आनंदानं आभार मानले, चारच वाक्यांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या चांगल्या मोठ्या होत्या.

फोन कधीचाच थरथरायचा थांबला होता.

मग आमटीचा वास आला. खमंग, कुठं करपलेला नाही की काही नाही. “लापशी घ्या, लापशी!” अशी आरोळी उठली. पंगत बसली. पंगत उठली. दुसरी बसली.

खोटं कशाला बोला? जालिंदरला रडू आलं.

काही बिघडलं असतं तर त्याला इतकं वाईट वाटलं नसतं. तो धावत गेला असता, चार जणांना झापलं असतं, सगळं सावरलं असतं. पण इथं कुणाचं काही अडलंच नव्हतं. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानात गेलं, आणि पुसायलाही हात नव्हता.

मग नाइलाजानं तो नुसता ऐकत राहिला. पोरं ओरडत होती. कुणी कुणाला आग्रह करत होतं. आनंदा वाढता वाढता काहीतरी बोलत होता आणि बाया खिदळत होत्या. असा भंडारा जालिंदरनं आजवर कधी ऐकलाच नव्हता. दरसाल त्याला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू यायचा.

आनंदाचं ते आजी-माजी आठवलं, आणि त्याला एकट्यालाच फिसकन हसू आलं.

चपला वाजल्या. शिडी करकरली. बाहेरून टपावर कुणीतरी हात फिरवल्यासारखं वाटलं… मग दार उघडलं आणि बाबा लापशीचा द्रोण घेऊन आत आले.

“जेवलास?”

“हात कुठं मोकळे आहेत, बाबा?” जालिंदर बोलून गेला.

बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले…

जालिंदरनं वर आपल्या हातांकडे पाहिलं.

“काढ हात,” बाबा म्हणाले.

“पडेल, बाबा.”

“काढ रे.”

“इतकं झकास बसलंय. मी हात काढला आणि सगळं धाडकन…”

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

त्यानं भीतभीत एक हात सोडला. डोळा किलकिला करून वर पाहिलं. मग दुसरा हात सोडला.

टप जागच्या जागी होता. गोल, घट्ट, तसूभरही न हललेला. त्याच वेळी बाहेर टप टप टप सरी सुरू झाल्या. पाऊस त्या नव्या कपाळावर ताशा वाजवावा तसा वाजू लागला, पण आत एक थेंब आला नाही.

“राहिलं!” जालिंदर खुशीत ओरडला. “बाबा, राहिलं की हो!”

तो खदखदून हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की त्याचे हात अजून तसेच वर, हवेत धरलेले आहेत. आखडून गेले होते. खाली येईनात.

बाबांनी एकेक हात धरून हळूच खाली आणला. बोटं चोळून सरळ केली. मग त्या उघड्या तळव्यांवर लापशीचा द्रोण ठेवला.

जालिंदरनं एक घास घेतला. आनंदानं गूळ जरा सढळ हातानं काढून दिला होता. छान लागत होतं.

त्यानं पुन्हा एकदा वर पाहिलं.

“मी इथंच होतो, बाबा. हातसुद्धा माझाच होता,” तो हळूच म्हणाला. “तरी नक्की कधी धरलं, ते काही मला कळलं नाही.”

बाबांनी त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“ते मघाशीच गार पडलं होतं, लेका. तूच सोडत नव्हतास.”